तिसऱ्या गटाच्या बारा बाटल्या

विद्यापीठाच्या मेंदू संशोधन संस्थेच्या तळघरात एक माणूस एकतीस वर्षं उंदरांचे मेंदू कापत होता, आणि वरच्या चार मजल्यांवर शोध लावणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्याचा चेहराही ठाऊक नव्हता. काम अडलं की ते एकमेकांना सांगत, "तळघराला विचार." जणू भिंतींशीच बोलायचं आहे. होता होता माणसाचंच नाव तळघर पडलं. तोंडावर तळघरकाका, पाठीमागे नुसतं तळघर. त्याला त्याचा राग नव्हता. राग यायला निदान कुणी समोर उभं राहून चिडवावं तरी लागतं.

काम असं. वरून छोट्या बाटलीत एक मेंदू यायचा, शेंगदाण्यापेक्षा मोठा, बदामापेक्षा फुगीर. तो मशीनच्या पाटावर उभा चिकटवायचा, मागचा भाग खाली, नाकाकडचं टोक वर. मग गोठवायचा आणि वरून खाली पात्यानं एकेक काप काढायचा, केसाच्या अर्ध्या जाडीचा. ते काप खारट पाण्यात तरंगत ठेवायचे आणि बारीक कुंचल्यानं उचलून काचेवर पसरायचे. एका मेंदूचे दीडशे काप. शिंकलात तर गेले.

आता गंमत अशी की पाण्यात तरंगणारा काप केव्हा पालथा होईल त्याचा नेम नाही, आणि पालथा झाला की डावं ते उजवं. दोन्ही बाजू दिसायला सारख्या. म्हणून कापण्याआधी तळघर डाव्या बाजूतून वरपासून खालपर्यंत एक सुई घालायचा. प्रत्येक कापाला एक इवलंसं भोक. ज्या बाजूला भोक, ती डावी. वरचे सगळे शहाणे त्या भोकावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे, आणि एकतीस वर्षांत ठेवू नये असं काही झालं नव्हतं.

घरी तो आणि त्याची ताई. ताई सात वर्षांनी मोठी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिचं जमलं नाही म्हणून हा थांबला, आणि हा थांबलाय म्हणून तिनं पुढं बघितलं नाही, असं दोघंही एकमेकांवर ढकलत. खरं सांगायचं तर दोघांनाही तिसरं माणूस घरात नको होतं. भांडायला दोघं पुरेसे होते. पंखा किती वेगानं फिरावा यावर त्यांनी तीस वर्षं वाद घातला. ताईला कमी ऐकू येई, म्हणून रेडिओवरच्या बातम्या इतक्या मोठ्यानं लागत की पलीकडचा विमा कंपनीतला गृहस्थ भिंतीवर तीनदा ठोके मारी. मग ताई म्हणे, "बघ रे, कोण आलंय दारात," आणि आवाज काही कमी करत नसे.

एका मंगळवारी दुपारी ताई खुर्चीत बसल्या बसल्या गेली. मांडीवर वर्तमानपत्र, चष्मा डोळ्यांवर. बुधवारी तिला पोचवून तो घरी आला आणि गुरुवारी सकाळी साडेनऊला तळघरात हजर. लोकांना ते विचित्र वाटलं. विचित्र काय त्यात? घरात पंखा हव्या त्या वेगानं फिरत होता आणि कोणी काही म्हणत नव्हतं. ते ऐकत बसण्यापेक्षा कामावर गेलेलं काय वाईट?

पण तळघरातलं मशीन नेमकं त्याच आठवड्यात दुरुस्तीला गेलं होतं. "दुसऱ्या मजल्यावरचं वापरा," असं सांगणं आलं. तो वर गेला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवसांत त्यानं तिथं बारा मेंदू कापले. हात चालत होते. डोकं कुठं होतं, विचारू नका.

त्या गुरुवारी दुपारी चार वाजता एक मुलगी दोन कागदी पेले घेऊन त्याच्याजवळ आली. पीएचडीचं तिसरं वर्ष. सदा पळत असायची, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची, म्हणून तळघर तिला मनातल्या मनात घाईबाई म्हणे. कापले जात होते ते मेंदू तिच्याच उंदरांचे होते. तिनं एक पेला त्याच्यापुढं ठेवला, दुसरा स्वतः प्यायली, काही बोलली नाही, आणि गेली. कॉफी मशीनची होती, फॉर्मलिनची मावसबहीण शोभेल अशी. त्यानं ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती पुन्हा आली. मशीन दुरुस्त होऊन तो खाली गेला तेव्हा खालीही आली. मग रोजच. पंधरा मिनिटं, फार तर वीस.

"तुझं नक्की चाललंय काय?" एकदा त्यानं विचारलं.

"उंदरांना एकटं ठेवलं की त्यांच्या मेंदूला काय होतं, ते बघतेय."

"आणि ते कळायला तीन वर्षं?"

"लागतात, काका."

"मला विचारायचंस. पाच मिनिटांत सांगितलं असतं."

"विचारलं असतं हो, पण तुमचा मेंदू कोण कापणार? तुमच्याशिवाय कुणाला धड येत नाही."

तो हसला. हसल्यावर आपला आवाज कसा येतो हे तो विसरला होता, त्यामुळे जरा दचकलाही.

तिचे उंदीर तीन गटांत होते, गटात बारा-बारा. पहिला गट सगळे मिळून एका पिंजऱ्यात राहिलेला. दुसरा मोठेपणी एकटा पाडलेला. तिसरा दूध सुटल्या दिवसापासून एकटा. "म्हणजे मी दुसऱ्या गटातला," तळघर म्हणाला. तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि कीव करणारं काही न बोलता म्हणाली, "दुसऱ्या गटातले उंदीर फार चावतात."

असे आठ महिने गेले. घरी तो रेडिओ मोठ्यानं लावायला लागला, त्याला नीट ऐकू येत असूनही. पलीकडून तीन ठोके पडले की आवाज कमी करायचा. न पडले तर आणखी वाढवायचा. आता ह्याला कोणी वेड म्हणेल तर म्हणो.

आणि मग एका शुक्रवारी घाईबाई पेल्यांऐवजी हातात कागद नाचवतच खाली आली.

"काका, बघा! आजच मोजणी पुरी झाली. दुसऱ्या गटात उजव्या बाजूच्या पेशींच्या फांद्या झडल्यात. तेवढं आम्हाला वाटलंच होतं. पण तिसरा गट! तिसऱ्यात डावी बाजू झडलीय! बाराच्या बारा!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे लहानपणापासून एकटं पडलं की मेंदूत सगळं बाजू बदलून होतं. असं आजवर कुणी दाखवलेलं नाही. मॅडम खुर्चीतून उठल्या, काका! मॅडम! पंधरा दिवसांनी परिषदेत मी बोलणार. तिथूनच पुढची नोकरीसुद्धा..." मग एकदम जीभ चावून, "नजर लागायची. तुम्ही बघा तरी."

मॅडम म्हणजे संस्थेच्या संचालक. त्या खुर्चीतून उठत नाहीत अशी ख्याती होती.

त्यानं बघितलं. कागदावर मोठा केलेला काप होता आणि त्यात त्याच्या सुईचं भोक. कोपऱ्यात कापल्याची तारीख. ताईला पोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"छान," तो म्हणाला. "फार छान."

ती गेल्यावर तो बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडं बघत बसला.

रविवारी सकाळी त्यानं स्वयंपाकघरात एक बटाटा घेतला. लांबुळका बघून घेतला. पेनानं त्याच्या एका अंगाला पोट लिहिलं, दुसऱ्या अंगाला पाठ, टोकाला नाक. मग तो बटाटा ओट्यावर तसा उभा केला जसा तो तळघरातल्या मशीनवर मेंदू उभा करायचा: नाक वर, पाठ आपल्याकडं. ताईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि बटाट्यात आपल्या डाव्या बाजूला खुपसली. बरोबर. पाठमोऱ्या माणसाचा डावा हात आपल्याही डावीकडंच असतो.

पण दुसऱ्या मजल्यावरच्या मशीनचं पातं उलट दिशेनं येतं. तिथं पोट आपल्याकडं करून उभं करावं लागतं. त्यानं बटाटा वळवला. सुई घेतली. डोळे मिटले आणि हाताला म्हणाला, तुझं तू कर. हातानं एकतीस वर्षं केलं तेच केलं. सुई डावीकडं गेली. त्याच्या डावीकडं. माणूस तोंड वळवून आपल्यासमोर उभा राहिला की त्याचा उजवा हात येतो तिथं.

बटाट्याला दोन भोकं पडली होती, एकेका बाजूला एकेक.

म्हणजे तिसऱ्या गटानं बाजूबिजू काही बदललेली नव्हती. तोही दुसऱ्यासारखाच उजवीकडं झडला होता. बाजू बदलली होती ती एका माणसानं, तीन दिवस, ताई गेल्यानंतर.

पण बटाटा म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा कपाटात होता. पाटाला चिकटलेला मेंदूचा मागचा तुकडा कापला जात नाही. तो उचलून तळघर बाटलीत घालून ठेवायचा. इतर लोक फेकतात. हा ठेवायचा, कारण ताईच्या घरात काही फेकायची पद्धत नव्हती. काप पालथा होतो, पण त्या जाड तुकड्याचं पोट कुठलं, पाठ कुठली, पुढं कुठं, मागं कुठं, हे शाळकरी पोरालाही कळेल. आणि सुईचं भोक त्यातही उतरलेलं असतं.

सोमवारी सकाळी दार लावून त्यानं तिसऱ्या गटाच्या बारा बाटल्या उघडल्या. एकेक तुकडा चिमट्यानं काढून दिव्याखाली धरला. उजवीकडं. उजवीकडं. सातव्यापाशी त्याला वाटलं, बास, कळलं. तरी त्यानं बाराही बघितले. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण हे कांकण नव्हतं, बेडी होती.

आणखी एक गोष्ट होती. तळघरात नवं मशीन येणार होतं, म्हणून कपाटांची भिंत रिकामी करायची होती. जुन्या बाटल्या जाळायला नेणारी गाडी शुक्रवारी यायची होती. यादी टेबलावर पडली होती. खाली त्यानं सही केली की झालं. त्याला कोणी काही विचारणार नव्हतं. खोटंही बोलावं लागणार नव्हतं. नुसती सही.

चार वाजता ती आली. परिषदेत कुठले कपडे घालावेत इथपासून सुरुवात. तो हं हं करत राहिला. मंगळवारी तिनं भाषण म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. "माझी जीभ कुठं अडखळते ते सांगा हं." कुठंच अडखळत नव्हती. बुधवारी ती म्हणाली, "बोलत का नाही तुम्ही? बरं वाटत नाहीये का?"

"झोप लागत नाही."

"आईला पण लागत नाही. तिला म्हणते मी, कुणाशी तरी बोलत जा. तर म्हणते, तुझ्या काकांकडं जातेस तसं रोज चारला कोण येणार माझ्याकडं."

आईला आपल्याबद्दल ठाऊक आहे. तळघरानं हे ऐकलं आणि पेला खाली ठेवला. दोन वाक्यांत सगळं मोडायचं होतं, आणि ते मोडल्यावर चार वाजता त्या दारातून कोणी येणार नाही हे त्याला स्वच्छ दिसत होतं. उगाच थोर विचार त्याच्या डोक्यात आले असं कोणी समजू नये. सत्य, विज्ञान वगैरे काही नाही. त्याच्या डोक्यात एवढंच होतं की बुधवार झाला, आता गुरुवार उरला.

गुरुवारी ती पेले घेऊन आली तेव्हा बारा बाटल्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या होत्या. शेजारी तो बटाटा, जरासा सुकलेला.

"हे काय, जेवण इथंच सुरू केलंत का?"

"बस," तो म्हणाला. "आधी बस. आणि कॉफी पिऊन घे."

"काका, तुम्ही घाबरवताय मला."

"पी."

ती प्यायली. मग त्यानं बटाट्यावर करून दाखवलं. आधी पाठ पुढं करून, मग पोट. बोलणं त्याला जमलं नसतं. पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मग तिनं त्याच्या हातातून बटाटा ओढून घेतला आणि स्वतः वळवून बघितला. एकदा. दोनदा. मग चिमटा घेतला आणि बाटल्या उघडायला लागली. तिसऱ्या बाटलीपाशी तिचा हात थांबला.

"बाराही?"

"बाराही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी. म्हणजे रविवारी. तू कागद दाखवलास तेव्हाच, खरं तर."

"सहा दिवस!" ती उभी राहिली. "मी इथं हातवारे करून भाषण म्हणत होते, आणि तुम्ही ऐकत बसलात? मजा वाटली?"

"नाही गं."

"मग?"

त्याच्यापाशी उत्तर होतं, पण ते एका मोठ्या माणसानं एका लहान मुलीला सांगण्यासारखं नव्हतं.

ती येरझारा घालायला लागली. तळघर लहान, चार पावलांत भिंत लागे. "तीन वर्षं, काका. रविवार नाही, सुट्टी नाही. आईला दोन वर्षं भेटले नाही मी." मग ती यादीपाशी थांबली. वाचली. आवाज एकदम खाली आला. "ही गाडी उद्या येतेय?"

"अकरा वाजता."

"तुम्ही हे कुणाला बोललात?"

"तुलाच."

तिनं यादी परत टेबलावर ठेवली. मग हळू, जवळजवळ लाडीगोडीनं, "काका, झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिनं असं म्हटलं तेव्हा त्याला तिचा राग आला नाही. सोमवारपासून तो स्वतःला रोज तेच म्हणत होता.

"सहीचा कागद तिथं आहे," तो म्हणाला. "त्यातल्या ह्या बारांवर मी रेघ मारलीय. ह्या जाणार नाहीत. बाकी तू मोठी आहेस."

"म्हणजे तुम्ही ठरवूनच बसलात. मग मला कॉफी कशाला पाजलीत?"

"ती तूच आणलीस," तो म्हणाला, आणि लगेच त्याला कळलं की ही वेळ नव्हती. ती गेली. जिन्याच्या पायऱ्या मात्र एकेक करून चढली. त्यानं मोजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मॅडमचा निरोप आला. तो वर गेला तेव्हा टेबलावर बाटल्यांचा ट्रे होता. कपाटाची दुसरी किल्ली घाईबाईकडं असे. तिनं स्वतःच सकाळी बाटल्या वर आणल्या होत्या. ती खिडकीशी उभी होती, पाठमोरी. डोळे सुजलेले असणार, पण ते दिसत नव्हते.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. "आपलं नशीब, छापून यायच्या आधी कळलं," त्या म्हणाल्या. "माणूस आहे, चुकतो. पण मला एक समजत नाही. घरात मृत्यू झालेला, आठ दिवसांची रजा मंजूर, आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी कामावर? घरी बसायला काय झालं होतं?"

"घरी कोणी नव्हतं," तळघर म्हणाला.

"म्हणजे?"

त्यानं मॅडमकडं बघितलं. चार मजले भरून माणसं, तीन वर्षं, छत्तीस उंदीर, सगळा अभ्यास एकटेपणाचा, आणि बाई विचारतात, म्हणजे? खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीची मान किंचित हलली. वळली मात्र नाही.

परिषद हातची गेली. तिसऱ्या गटाचे सगळे काप पुन्हा बाजू उलटवून मोजले गेले. निष्कर्ष निघाला तो साधा: एकटं केव्हाही पाडा, लहानपणी नाही तर मोठेपणी, झडतं ते सारखंच. त्यावर कोणी खुर्चीतून उठत नाही. पीएचडी एक वर्ष लांबली. नव्यानं एक गट पाळायचं ठरलं. तळघराच्या भिंतीवर नियमांचा कागद लागला, की भोक पाडल्यावर दुसऱ्यांदा तपासावं आणि सही करावी. नोकरीला धक्का लागला नाही. एक वर्ष उरलेल्या माणसाला कोण धक्का मारतं?

पहिले काही दिवस तो चार वाजता मशीन बंद ठेवी. बंद असलं की जिन्यावरचा आवाज ऐकू येतो. एकदा पावलं खालीही आली. दिवा बदलायला आलेला वायरमन होता. "काका, इथं करमतं कसं हो तुम्हाला?" त्यानं विचारलं. तळघरानं त्याला बसायला स्टूल दिलं. पण वायरमनला घाई होती.

सहा महिन्यांनी नव्या गटाचे मेंदू यायला लागले, रोज एक. लिफ्टनं, ट्रेमध्ये, बरोबर कोणी नाही. वर एक चिठ्ठी, अक्षर ओळखीचं, धावतं: "डाव्या बाजूला. दोनदा बघावं."

त्यानं पहिला मेंदू पाटावर उभा केला. नाक वर, पाठ आपल्याकडं. सुई घातली. बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, "दोनदा बघितलं," आणि ती ट्रेमध्ये ठेवून वर पाठवली. दुसऱ्या दिवशी दुसरी चिठ्ठी आली, तेच शब्द. त्यानं तेच उत्तर दिलं. असं बारा दिवस चाललं. उत्तरात आणखी काही लिहावं असं रोज वाटे. बऱ्याचदा पेन टेकवलंही. एकदा "आईला झोप लागते का" एवढं लिहून झालं होतं. ती चिठ्ठी त्यानं फाडली आणि नव्या कागदावर "दोनदा बघितलं" लिहून पाठवलं.

शेवटच्या मेंदूच्या दिवशी त्यानं सुई घातली तेव्हा चार वाजले होते. भोक बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. बरोबर होतं. मग त्यानं दिवा जवळ ओढला आणि तिसऱ्यांदा बघायला घेतलं. घाई कसलीच नव्हती.